मशीन आली, पण तिचं चित्र कोण तपासतंय?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात कोकणातल्या दवाखान्यांच्या बातम्या हल्ली बऱ्याच येतात, अमुक ठिकाणी डिजिटल एक्स-रे आला, तमुक ठिकाणी कॅथलॅब, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर बघत हृदयाच्या धमन्या तपासायची आणि उघडायची खोली, होणार, आणि मी त्या सगळ्या कापून ठेवतो कारण माझं अख्खं आयुष्य त्याच कामात गेलं. मी क्ष-किरण तंत्रज्ञ, नोकरी मुंबईत केली, त्यातली बरीच वर्षं कॅथलॅबमध्ये, आता रिटायर होऊन गुहागर तालुक्यात घरी असतो. मशीन येतेय याचा आनंद मला खूप होतो. छातीत दुखायला लागलेल्या माणसाला रात्री गाडीत घालून कुंभार्ली घाट चढून कराडला न्यायचं, नाहीतर आंबा घाटाने कोल्हापूर गाठायचं, सिंधुदुर्गातल्या माणसाने गोव्यात बांबोळीला जायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना जवळ कॅथलॅब असणं म्हणजे काय ते मी सांगायची गरज नाही.

पण एक गोष्ट कुठल्याच बातमीत नसते म्हणून हे पत्र लिहितोय. ती मशीन दोन वर्षांनी, पाच वर्षांनी कसं चित्र देते हे कोण बघतं? कोणी मोजतं का? आणि मोजलं तर ते कुठे लिहून ठेवलेलं असतं का?

हृदयाच्या बाबतीत सगळं काम चित्रावरच चालतं. १९२९ साली जर्मनीत फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत घातली, पण ती खरंच तिथे पोचलीय हे दाखवायला त्याला एक्स-रेच काढावा लागला. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेत मेसन सोन्स यांनी हृदयाच्या धमनीत थेट एक्स-रेत उठून दिसणारं आयोडीनचं औषध सोडून तिचं चित्र घेतलं आणि १९७७ मध्ये झुरिकला ग्रुंटझिग यांनी फुग्याने हृदयाची पहिली धमनी उघडली. छाती न उघडता हे सगळं करता येतं ते समोर पडद्यावर दिसतं म्हणून, पडद्यावर धूसर दिसलं तर डॉक्टर कितीही हुशार असला तरी तो काय करणार.

आता दिसायला हवं ते किती बारीक आहे बघा. हृदयाची मोठी धमनी जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाडीची. तिच्यातून जी वायर घालतात ती ०.०१४ इंच, म्हणजे ०.३६ मिलिमीटर. स्टेंट म्हणजे धमनी उघडी राहावी म्हणून बसवतात ती जाळी, तिची एकेक काडी ०.१ मिलिमीटरपेक्षा पण बारीक. आणि हे सगळं एका जागी थांबत नाही, हृदय मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा आकसतंय, वर पेशंट श्वास घेतोय, कधी खोकतोय, बाजूला सरकतोय. म्हणून चित्र सेकंदाला १५ फ्रेमने घेतात, काही कामाला साडेसातने पण भागतं, आणि प्रत्येक फ्रेमसाठी किरणं फक्त काही मिलिसेकंद सोडतात नाहीतर हलल्यामुळे सगळं पुसट येतं. एवढ्या बारीक कामात मशीनचा थोडा जरी कस उतरला तरी फरक पडतो. डाव्या मुख्य धमनीत ५० टक्के अडथळा असला तरी तो गंभीर धरतात, बाकीच्या धमन्यांत साधारण ७० टक्के. चित्र खराब असेल तर ६० आणि ७० मधला फरक नुसत्या नजरेने सांगणं कठीण, आणि त्या फरकावर स्टेंट टाकायचा की गोळ्यांवर ठेवायचं हे ठरत असतं. दोन वेगळ्या कोनांतून बघितल्याशिवाय धमनीची लांबी-जाडी नीट कळत नाही, आणि एका कोनातलं चित्र पुसट आलं की परत शॉट घ्यायचा, म्हणजे परत आयोडीनचं औषध, म्हणजे ज्याला आधीच डायबिटीस आहे त्याच्या किडनीवर आणखी भार.

मुख्य मुद्दा इथून पुढे आहे. लोकांना वाटतं मशीन खराब झाली की चित्र खराब दिसेल आणि डॉक्टर लगेच सांगतील. तसं होत नाही. मशीनमध्ये एक ऑटोमॅटिक यंत्रणा असते, पेशंटच्या पलीकडे किरणं टिपणाऱ्या डिटेक्टरपर्यंत ठरल्यापेक्षा कमी किरणं पोचली की ती आपोआप एमए म्हणजे किरणांचं प्रमाण वाढवते, केव्ही म्हणजे त्यांची भेदून जायची ताकद वाढवते आणि पडद्यावरचा उजेड होता तेवढाच ठेवते. किरणं तयार करणारी ट्यूब जुनी झाली, तिच्यातल्या टंगस्टनच्या फिरत्या चकतीला खड्डे पडले, मधे काही आडवं आलं, काहीही असो, पडदा उजळच राहतो. काच काजळलेल्या कंदिलाची वात आपण वाढवत नेतो तसं आहे हे, घरात उजेड तेवढाच वाटतो आणि तेल मात्र जास्त जळत असतं. इथे जास्तीची किरणं जातात ती पेशंटच्या अंगातून, आणि त्याच्या अंगावरून उडालेली किरणं टेबलाशेजारी उभ्या डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियनच्या अंगावर.

बरं वाढलेल्या केव्हीने चित्रातला कस पण जातो. धमनीत सोडलेलं आयोडीन ३३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जरा वरच्या ऊर्जेच्या किरणांना खूप जोरात अडवतं, म्हणून केव्ही सत्तर-ऐंशीच्या आसपास असला की धमनी काळी कुळकुळीत उठून दिसते. तोच शंभरच्या वर गेला की धमनी राखाडी, मागचं पण राखाडी, बारीक फांद्या त्यात हरवून जातात. हे एका दिवसात होत नाही, महिनोनमहिने हळूहळू होत जातं आणि रोज तेच चित्र बघणाऱ्या डोळ्याला त्याची सवय होते. मी मुंबईत चांगले चांगले डॉक्टर बघितलेत, त्यांच्या पण लक्षात यायचं नाही, नवीन ट्यूब बसवल्यावर म्हणायचे अरे हे असं दिसायला पाहिजे होतं तर.

आमच्या सुरुवातीच्या काळात ३५ मिलिमीटरची सिनेफिल्म होती, डार्करूममध्ये धुवायची, केमिकल उतरलं तर त्याच दिवशी फिल्म बघून कळायचं. डिजिटल आल्यावर काम खूप सोपं झालं पण कॉम्प्युटर चित्र सजवून दाखवतो, मेलेला पिक्सेल शेजारच्यांवरून भरून काढतो, कडा ठळक करतो, दाणे पुसतो. त्यामुळे खालचा बिघाड वर दिसायला उशीर लागतो. म्हणून डिजिटल मशीन जुन्या मशीनपेक्षा जास्त तपासायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे उलटा समज आहे की डिजिटल म्हणजे बघायलाच नको.

आता कोकणाचं वेगळं काय ते सांगतो. जुलै महिन्यात आपल्याकडे हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास जाते, भिंती ओल धरतात, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते हे घराघरात माहीत आहे. मशीनच्या खोलीला चोवीस तास एसी लागतो, पेशंट नसला तरी लागतो. पण लाईटबिल वाचवायला रात्री एसी बंद करणं, रविवारी बंद ठेवणं हे मी डोळ्यांनी बघितलंय, कुठे ते लिहीत नाही. रात्रभर दमट हवा आत भरते, सकाळी एसी लावला की थंड पडणाऱ्या भागांवर पाणी धरतं, हाय व्होल्टेजच्या केबलच्या टोकाला ओल लागली की आत ठिणगी पडते, मग मशीन मधेच बंद, आणि टेबलावर पेशंटच्या हृदयात वायर असताना मशीन बंद पडणं म्हणजे काय ते ज्याने बघितलं तोच जाणे. त्यात समुद्राकडचा खारा वारा, मशीन थंड ठेवायला बाहेर बसवलेल्या चिलरचा पाईप आणि पत्रा इतक्या लवकर गंजतो की घाटावरून आलेल्या इंजिनिअरला नवल वाटतं. चिलर नीट चालला नाही की ट्यूब तापते आणि तापली की मशीन स्वतःच शॉट थांबवते.

लाईटचं तर बोलायलाच नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या गावांत किती दिवस अंधार होता हे आपणच छापलं होतं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते. रोजच्या पावसात पण फांदी पडली की लाईट जाते आणि येताना व्होल्टेज वरखाली होतं. मशीनला यूपीएस असतो पण त्याच्या बॅटऱ्या किती वर्षांच्या आहेत हे कोणी विचारत नाही. आणि बरेच दिवस बंद राहिलेली ट्यूब एकदम पूर्ण ताकदीने चालवायची नसते, आधी कमी ताकदीचे शॉट देऊन हळूहळू गरम करायची असते, नाहीतर आतली थंड चकती तडकते. वादळानंतर लाईट आली, बाहेर पेशंट थांबलेत, घाईत हीच पायरी गळते. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर तर अशा जड मशीन तळमजल्यावर कुठल्या उंचीवर बसवायच्या याचा पण विचार व्हायलाच हवा होता, नवीन इमारती बांधताना तो होतोय का ते कोणीतरी विचारावं.

आणि अंतर. मुंबईत मशीनने कुरकुर केली की दुपारपर्यंत कंपनीचा इंजिनिअर दारात. इथे तो मुंबई-पुण्याहून निघणार, पार्ट मागवणार, परत येणार. मेंटेनन्सचा करार संपलेला असेल तर तो येणारच नाही. मशीन घ्यायला पैसे एका खात्यातून मिळतात, आमदार-खासदार फंडातून मिळतात, कोणी देणगी देतो, पण पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचे पैसे त्यात धरलेले नसतात. वॉरंटी संपते आणि तिथून खरी रड सुरू होते. ट्यूब ही काही कायमची वस्तू नाही, ती वापरून संपणारच, आणि तिची किंमत लाखांत असते, हे पहिल्या दिवशीच हिशोबात धरायला हवं.

कॅथलॅब फार थोड्या ठिकाणी आहे, पण छातीचा साधा एक्स-रे तालुक्या-तालुक्यात निघतो आणि हृदयाबद्दलची पहिली भीती तिथूनच सुरू होते. आमच्या वाडीतले एक आजोबा ताप-खोकल्याने एका दवाखान्यात ॲडमिट होते, एक्स-रे काढला आणि घरच्यांना सांगितलं हार्ट मोठं झालंय. घरात रडारड, मुंबईहून मुलगा रातोरात निघाला, आजोबांना घेऊन घाटावर गेले, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, हृदय व्यवस्थित. परत आल्यावर ती फिल्म माझ्याकडे घेऊन आले, "भाऊ, बघा जरा काय झालं होतं ते." मी बघितलं, खांद्याची पाती दोन्ही फुफ्फुसांवर आलेली, म्हणजे झोपवून समोरून काढलेला एक्स-रे, आणि डायफ्रामच्या वर मागच्या फासळ्या मोजल्या तर सातच दिसतात, नऊ-दहा दिसायला हव्यात, म्हणजे श्वास पूर्ण घेतलेलाच नव्हता.

हृदयाचा आकार बघायचा तर पेशंटला उभं करून, छाती प्लेटला टेकवून, किरणं पाठीकडून, ट्यूब १८० सेंटीमीटर म्हणजे सहा फुटांवर आणि श्वास पूर्ण भरून धरलेला, असा एक्स-रे लागतो. अशा चित्रात हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा जास्त असली तर मोठं म्हणायचं. झोपवून, समोरून, तीन-साडेतीन फुटांवरून काढलं की हृदय प्लेटपासून लांब राहतं आणि त्याची सावली मोठी पडते, श्वास अर्धवट असला की आणखी आडवं पसरतं. पेशंट उभाच राहू शकत नसेल तर झोपवूनच काढावा लागतो, त्यात काही चूक नाही, पण मग फिल्मवर तसं लिहायला नको का? दोन अक्षरं, एपी म्हणजे समोरून की पीए म्हणजे पाठीकडून, आणि उभं की झोपून. ती लिहिलेली असती तर रिपोर्ट वाचणाऱ्याने हृदय मोठं आहे असं म्हटलंच नसतं आणि त्या घरचे हजारो रुपये वाचले असते. साध्या एक्स-रेला फिल्मऐवजी परत परत वापरायच्या ज्या सीआरच्या प्लेटा असतात त्या पुसल्या नाहीत तर धुळीचा प्रत्येक कण पांढरा ठिपका होऊन दिसतो, नीट इरेज केल्या नाहीत तर आधीच्या पेशंटची पुसट सावली पुढच्याच्या छातीवर येते. प्लेट पुसायला कापड आणि कंपनीने सांगितलेलं लिक्विड लागतं, बाकी काही नाही.

कॅथलॅबमध्ये सुद्धा मशीन चांगली असून चित्र बिघडतं ते हाताच्या सवयींमुळे. डिटेक्टर पेशंटच्या छातीच्या जितका जवळ आणेल तितकं चित्र स्वच्छ आणि किरणांचा डोस कमी, टेबल खालच्या ट्यूबपासून शक्य तितकं वर. पण काम करताना हात घालायला जागा हवी म्हणून डिटेक्टर वर राहतो तो राहतोच. जेवढा भाग बघायचा तेवढाच उघडा ठेवून बाकी बाजूने झाकला तर इकडेतिकडे विखुरणारी किरणं कमी होतात आणि धमनी उठून दिसते. फुफ्फुसाच्या बाजूला हवा असते, तिथे पडदा पांढराफेक होतो, त्यावर किरणं थोडी अडवणारा वेज फिल्टर सरकवायचा असतो, दोन सेकंदांचं काम. झूम सारखा सारखा वापरला की डोस चढतो. पेशंटचा हात अंगाशेजारी पडलेला असेल आणि तिरक्या कोनातून शॉट घेतला तर मशीनला हाताचं हाड पण भेदून जावं लागतं, परत केव्ही वर. आणि सगळ्यात सोपी गोष्ट, पेशंटला त्याच्या भाषेत सांगणं, "आजी, मोठा श्वास घ्या, धरून ठेवा, आता सोडा." श्वास भरला की डायफ्राम खाली जातो, हृदयावरून बाजूला होतो, धमनी मोकळी दिसते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना इंग्रजीत होल्ड युवर ब्रेथ म्हटलं की ती घाबरून आणखी भरभर श्वास घेतात, हे मी कितीदा बघितलं असेल. टेबलावर घ्यायच्या आधीच एकदा सराव करून घेतला तर किती शॉट वाचतात.

एवढं करून चांगलं चित्र मिळालं तरी ते बघतात कशावर? मॉनिटरचा उजेड वर्षागणिक उतरतो. त्यासाठी एक टेस्ट पॅटर्न असतो, त्यात अगदी काळ्या चौकोनात एक किंचित कमी काळा आणि अगदी पांढऱ्यात एक किंचित कमी पांढरा चौकोन असतो, दोन्ही दिसले पाहिजेत. महिन्यातून एकदा बघायचं, खोलीतला ट्यूबलाईट बंद करून. हे कोकणात किती ठिकाणी होत असेल ते देव जाणे. आणि नंतर पेशंटचा मुलगा तो पडदा मोबाईलवर शूट करतो आणि व्हॉट्सॲपवर मुंबईच्या डॉक्टरांना पाठवतो, काका बघून सांगा. मोबाईलचा कॅमेरा, वर व्हॉट्सॲपने दाबलेला व्हिडिओ, त्यात ती मिलिमीटरभराची धमनी कशी दिसणार? त्यावर मत मागू नका आणि डॉक्टरांनी पण देऊ नये. इमर्जन्सीत बोलणं वेगळं. अँजिओग्राफीची मूळ सीडी किंवा पेनड्राईव्ह मागून घ्या, दवाखान्यातून निघायच्या आधी ती तिथल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते का बघा, घाटावर गेल्यावर सीडी उघडत नाही म्हणून परत अँजिओग्राफी केलेले लोक माझ्या ओळखीत आहेत.

डोसबद्दल लिहिताना मला कोणाला घाबरवायचं नाही. साध्या अँजिओग्राफीत साधारण ७ मिलिसिव्हर्टच्या (हे अंगाला मिळालेल्या किरणांचं माप) आसपास डोस धरतात, पेशंट आणि काम बघून कमीजास्त, आणि निसर्गातून माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. हार्ट अटॅक आलेल्या माणसाने किरणांच्या भीतीने अँजिओग्राफी नाकारणं हे मूर्खपणाचं होईल. पण अवघड, लांबलेल्या अँजिओप्लास्टीत त्वचेवरचा डोस, जो ग्रे या मापात मोजतात, २ ग्रेच्या पुढे जाऊ शकतो, तिथे पाठीची कातडी लाल होऊ शकते, ५ ग्रेच्या पुढे गेलं तर त्या पेशंटला नंतर बोलावून पाठ तपासायला हवी. मशीन त्याचा अंदाज देणारा आकडा स्वतः दाखवते, एअर केर्मा म्हणून. तो डिस्चार्ज कार्डावर लिहायला एक ओळ लागते. पाठीवर चट्टा उठला की आपल्याकडचा माणूस स्किनच्या डॉक्टरकडे जातो आणि दोघांनाही माहीत नसतं की महिन्यापूर्वी त्याच जागी किरणं गेली होती.

नियम नाहीत असं अजिबात नाही. अणुऊर्जा नियामक परिषद, जिला आम्ही एईआरबी म्हणतो, ती १९८३ पासून आहे, ऑफिस इथेच मुंबईत अणुशक्तीनगरला. कॅथलॅबला त्यांचं लायसन्स लागतं, साध्या एक्स-रे मशीनची नोंदणी लागते, हे आता ऑनलाईन होतं. दर दोन वर्षांनी क्वालिटी अशुरन्सची टेस्ट करायची, मोठी दुरुस्ती झाली की परत करायची. कॅथलॅबला रेडिएशन सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो. काम करणाऱ्याला त्याच्या अंगावर आलेली किरणं मोजणारा टीएलडी बॅज, तो शिशाच्या एप्रनच्या आत छातीवर लावायचा, वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. एप्रन घडी घालून ठेवला की आतलं शिसं चिरतं, तो हँगरला टांगायचा आणि वर्षातून एकदा किरणांखाली धरून बघायचा.

पण दोन वर्षांतून एकदा केलेली टेस्ट पुरेशी नाही, निदान आपल्या हवेत तरी नाही. दोन पावसाळे गेले की बरंच काही बदललेलं असतं. म्हणून एक साधी गोष्ट सुचवतो जी आम्ही करायचो आणि जिला खर्च जवळजवळ नाही. २० सेंटीमीटर जाडीचा ॲक्रिलिकचा ठोकळा घ्यायचा, तो म्हणजे माणसाच्या छातीच्या जागी. दर सोमवारी सकाळी पहिला पेशंट घ्यायच्या आधी तो टेबलावर त्याच जागी, टेबल त्याच उंचीवर, डिटेक्टर त्याच अंतरावर ठेवून फ्लुरो म्हणजे पडद्यावरचं चालतं चित्र सुरू करायचं आणि मशीनने आपोआप किती केव्ही आणि किती एमए घेतला, डोस रेट किती दाखवला ते वहीत लिहायचं. सोबत शिशाच्या बारीक रेघांची पट्टी ठेवायची, किती बारीक रेघा वेगळ्या दिसतात ते लिहायचं, आणि फिकट गोलांची चकती, त्यातले किती गोल दिसतात. पाच मिनिटं लागतात. मशीन बसवली त्या दिवशीचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर. सहा महिन्यांनी वही उघडली की मशीन काय लपवतेय ते सगळं समोर येतं, केव्ही चढत चाललाय, रेघा कमी होत चालल्यात, आणि ट्यूब बंद पडायच्या कितीतरी आधी इंजिनिअरला बोलावता येतं, नवीन ट्यूबसाठी पैशाची मागणी वेळेत टाकता येते. फाईलवर सही मागताना साहेबांसमोर आकडे ठेवले की त्यांनाही नाही म्हणणं अवघड जातं, हा माझा अनुभव आहे.

ही वही ठेवायला माणूस हवा. जिल्ह्याच्या ठिकाणी एक मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे किरणांच्या मशीनचं मोजमाप जाणणारा माणूस, नेमला आणि त्याने महिन्यातून एकदा जिल्ह्यातल्या सगळ्या मशीनच्या वह्या बघितल्या तरी खूप होईल, प्रत्येक दवाखान्याला वेगळा परवडणार नाही हे मलाही कळतं. रत्नागिरीला, सिंधुदुर्गात, अलिबागला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहेत, हे पद तिथे सहज बसेल. टेक्निशियनची पदं रिकामी ठेवून हे होणार नाही. एकच माणूस सकाळी ओपीडीचे एक्स-रे, रात्री इमर्जन्सी, मधे रजिस्टर, त्याने ठोकळा कधी ठेवायचा.

साहेब, आपल्याला विनंती एवढीच. पुढच्या वेळी कुठल्या दवाखान्यात मशीन आल्याची बातमी येईल तेव्हा वार्ताहराने किंमत आणि पाहुण्यांची नावं विचारतो तसं हे पण विचारावं, देखभालीचा करार किती वर्षांचा आहे, एसी आणि यूपीएस चोवीस तास आहे का, पहिल्या दिवशीची टेस्ट झाली का आणि पुढची कधी आहे. आणि आधीपासून चालू असलेल्या मशीनच्या दारावर शेवटच्या क्वालिटी टेस्टची तारीख मोठ्या अक्षरात लावायला सांगावं, सरकारी असो वा खाजगी. महात्मा फुले योजनेतून अँजिओप्लास्टी करून घेणाऱ्या पेशंटला पण ती तारीख वाचायचा हक्क आहे, पैसे भरणाऱ्याइतकाच.

गुहागर, चिपळूण, दापोली या भागातल्या कुठल्याही दवाखान्याला अशी वही सुरू करायची असेल तर ठोकळा कसा ठेवायचा, काय लिहायचं हे मी येऊन दाखवीन, पैसे नकोत, जायचं-यायचं माझं मी बघीन. माझा पत्ता आणि फोन आपल्या ऑफिसात दिलेला आहे, पेपरात छापू नये, पण दवाखान्याकडून कोणी विचारलं तर जरूर द्यावा. पावसाळ्याच्या आधी केलं तर बरं, म्हणजे कोरड्या हवेतले आकडे पहिल्या पानावर येतील.

आपला,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ
ता. गुहागर, जि. रत्नागिरी